माशीलाच विचारू या

परिषद धुळ्याला भरली होती की जळगावला, हे डॉ. दिघ्यांना आता खात्रीनं सांगता येत नाही. विषय मात्र आठवतो: अळीच्या अंगात अंडी घालून तिला मारणाऱ्या बारीक गांधीलमाश्या. अशी एक नवी माशी सापडल्याचं अध्यक्ष राजोपाध्यांनी जाहीर केलं. सोमवारी ती हजारोंनी कपाशीत सोडायची होती.

प्रयोगशाळेत अळ्या वाढवणाऱ्या सुलभाबाई खोडके उठल्या. "सर, ही अळीला मारत नाही. अळी मारणाऱ्या आपल्या मित्रमाशीच्या कोषात ही अंडी घालते. ही सोडली तर मित्रच मरतील."

"बाई, तुम्ही अळ्यांना पाला घाला. हे कुठल्या ग्रंथात वाचलंत?"

सभागृह हसलं. दिघ्यांनाही बाईंसारखीच शंका होती, पण ते गप्प बसले.

"ग्रंथ या माशीनंही वाचलेला नाही, सर. तिलाच विचारू या."

बाईंनी पिशवीतून काचनळी काढली. एका टोकाला जिवंत अळी ठेवली, दुसऱ्या टोकाला मित्रमाशीचा कोष, आणि मध्ये अध्यक्षांची माशी सोडली. माशी अळीच्या अंगावरून चालत गेली, मागे फिरली आणि कोषावर बसून तिनं शेपटाची सुई आत खुपसली.



कित्येक वर्षांनी दिघ्यांनी जुनं दप्तर काढून खात्री केली. सोमवारचा कार्यक्रम रद्द झाला होता. आदेशावर तारीख परिषदेच्याच दिवसाची होती, आणि सही राजोपाध्यांची.