अदलाबदलीवरचा कर

सोनवडी संस्थानात दिवाण यशवंतरावांपुढे शिंकायचीही चोरी होती, त्यावरही ते कर लावतील म्हणून!

तिथल्या सगुणा कासारणीने नदीकाठचं आपलं भाड्याने दिलेलं दुकान एका कापडवाल्याला दिलं आणि बदल्यात त्याचं पेठेतलं दुकान घेतलं. हातात छदामही आला नाही. तरी दिवाणांनी फर्मावलं, "नव्या दुकानाची किंमत जास्त आहे. नफ्याचा चौथा हिस्सा भर, नाहीतर दुकान जप्त!"

सगुणाने दरबार गाठला. "महाराज, मी विकलं कुठे? विकेन, पैसे मिळतील, तेव्हा कर घ्या की."

"एक देऊन दुसरं घेतलं, म्हणजे विकलंच!" दिवाण गरजले. "मग ते काहीही असो!"

सगुणाने पदर सावरला. "गेल्या वैशाखात दिवाणसाहेबांनी साटंलोटं केलं. आपली लेक इनामदारांच्या घरात दिली, त्यांची लेक सून करून आणली. मग साहेबांनी लेक विकली म्हणायची का?"

महाराजांनी मिशीतलं हसू दाबलं. "बोला, दिवाणजी!"

दिवाणांनी तिथल्या तिथे नवा नियम लिहवून घेतला: अदलाबदलीवर कर नाही, विक्री होईपर्यंत थांबावं.

खाली तारीख मात्र त्या वैशाखाआधीच्या चैत्रातली घातली.