गोमतीच्या वेणीचा रावस

फार फार वर्षं झाली. तेव्हा खारवेळची खाडी एवढी रुंद होती की या काठावरून कावळा उडाला, तर वाटेत दोनदा बसून दम खायचा. कुठे बसायचा म्हणाल, तर गोमती तारणीच्या होडीवर. आणि गोमती त्याच्याकडूनही उतार, म्हणजे होडीचं भाडं, घ्यायची, असं म्हणतात.

गोमती या काठावरची माणसं त्या काठाला पोचवायची. अंगाने काटकुळी, आवाजाने मात्र अशी की तिने या तीरावर शिंक दिली तर पलीकडच्या पोखरणच्या बायका ‘शंभर वर्षं जग गो’ म्हणायच्या. तिला एकाच गोष्टीचा गर्व होता, तो केसांचा. गुडघ्याच्या खाली पोचणारी वेणी. होडी वल्हवताना ती कमरेभोवती गुंडाळून घ्यायची, नाहीतर पाण्यात लोळायची.

आता खाडीच्या मुखाची गोष्ट सांगायला हवी. मुखाशी रावस यायचा, आणि मुख तर एकच. मग भांडण नको म्हणून जुन्या माणसांनी रीत घालून दिली होती. नारळी पौर्णिमेला दोन्ही काठांचा एकेक माणूस मधल्या खडकावर उभा राहायचा आणि गळ टाकून गरवायचा. खडकावर भरतीचं पाणी कमरेला लागायच्या आत ज्याच्या गळाला रावस लागेल, त्याच्या गावाला वर्षभर मुख. दुसऱ्याने आत खाडीत शेंगट्या नि खेकडे धरत बसायचं. आणि गळाला जिवंत आमिष लावायचं नाही. मोठा जीव मागताना खाडीला छोटा जीव द्यायचा, हे खाडीच्या देवीला खपत नाही, असं म्हणतात. म्हणून पिसं, दोरे, चिंध्या बांधून खोटं आमिष करायचं, आणि त्यातच खरी कला.

खारवेळचं आमिष होतं बगळ्याच्या पांढऱ्या पिसाचं. कुणा पणज्याने त्यावर मोठा रावस काढला होता. तेव्हापासून ते पीस देव्हाऱ्यात बसलं. त्याला गंध लागे, फूल चढे, वर्षातून एकदा गळाला बांधलं जाई आणि रिकामं परत येई. कारण पणज्याच्या काळी पाणी निवळ होतं. पुढे वरच्या डोंगराचा कडा ढासळला आणि पावसाळ्यात पांढरी माती खाडीत येऊ लागली. पौर्णिमेला पाणी कसं, तर तांदळाच्या पेजेसारखं. पेजेत पांढरं पीस रावसाला दिसणार कसं? पण देवाला रंग बदल असं कोण सांगणार? पोखरणवाले आपलं पीस लाल रंगवायचे आणि मुख घेऊन जायचे.

शेवटी खारवेळचे मानकरी बुधाजी म्हणाले, “औंदा हरलो तर कौलां उतरवा. खालच्या बंदराक जावया. हय पोरां उपाशी मरतली.”

घरोघर भांडीकुंडी बांधली गेली. एक गोमतीने चमचासुद्धा हलवला नाही. तिला खालच्या बंदरात कोण ओळखणार, आणि तिथे पोचवायला खाडी तरी कुठे? ही खाडी गेली की तिचं सगळंच गेलं.

त्या साली खारवेळचा मान आला गोमतीच्याच नवऱ्याला, जिवबाला. बुधाजींनी गंध लावलेलं पीस त्याच्या हातात ठेवलं. गोमतीने त्याला खडकावर उतरवलं आणि होडी तिथेच धरून ठेवली. पलीकडच्या टोकाला पोखरणचा म्हाळू लाल पीस घेऊन उभा.

“काय जिवबा, देव घेवन इलंस? मासे पाया पडूक येतले हां!” म्हाळू हसला.

भरती चढू लागली. जिवबाच्या दोराला काही लागेना. म्हाळूच्या दोराला एकदा हिसका बसला आणि सुटला. खडकावर पाणी घोट्याला आलं. गोमती होडीच्या काठावरून वाकून पाण्यात बघू लागली, तशी तिच्या गळ्यातली पोत पाण्यात लोंबली. सोन्याची वाटी लगेच दिसेनाशी झाली. हातातला लाल चुडा कोपरापर्यंत बुडवला, तोही विरला. पण पोतीचे काळे मणी? ते खाली खालपर्यंत दिसत राहिले.

ती उठली. कमरेची वेणी सोडली. दोर कापायची सुरी उचलली.

जिवबा ओरडला, “अगो, काय करतंस? मी जिवंत आसंय मगे!”

“जिवंत आसास म्हणानच कापतंय,” गोमती म्हणाली. “तुमी मेल्यार लोक कापूक लावतले. तेच्यात माझी मर्जी खंय?”

आणि तिने मानेपासून वेणी उतरवली. वीतभर कापली असती तरी भागलं असतं, पण अर्धवट काही करणं गोमतीला जमत नसे. तिने देवाचं पीस पदरात बांधलं आणि गळाला केसांचा झुबका कोळंबीच्या आकाराचा बांधला.

जिवबाने गळ टाकला आणि नेहमीसारखा सरसर ओढू लागला.

“तसो नको! कोळंबी काय बैलगाडीक जुपलेली आसा?” तिने वल्ह्याने होडीवर टक् केलं. “टक् म्हटल्यार उचला. मग सोडा. बुडांदे. थांबा. जीव गेल्यासारो थांबा.”

टक्. थांब. टक्. थांब. पाणी गुडघ्याला आलं. म्हाळू आपला दोर विसरून बघत राहिला. टक्. थांब.

आणि त्या थांबण्यातच रावसाने तोंड घातलं.

पुढचं काय सांगावं! दोर असा ताणला की त्यातून तंबोऱ्यासारखा आवाज निघाला. जिवबाने खडकाला मिठी मारली, तर खडकच हातभर सरकला. गोमतीने दोर होडीला बांधला, तर रावसाने होडी, जिवबा, गोमती आणि मदतीला उडी मारलेला म्हाळू, सगळ्यांना खाडीतून सात वळणं फिरवून आणलं. किनाऱ्याला लागला तेव्हा त्याचं एकेक खवलं पत्रावळीएवढं होतं. दोन्ही गावं त्या खवल्यांवर जेवली, असं म्हणतात.

बुधाजी मात्र कपाळाला हात लावून बसले. सवाष्णीचे केस, देवाचं पीस बाजूला! हा रावस रीतीत धरायचा की नाही?

म्हाळू ओला चिंब उभा होता. “मी बघलंय,” तो म्हणाला. “मासो तिच्या केसार इलो. मुख खारवेळचा. आता कोण नाय म्हणता तो माझ्यावांगडा एकदा त्या दोराक लोंबकळांदे.”

कुणी नाही म्हटलं नाही. घरोघर भांडी पुन्हा चुलीपाशी गेली.

गोमतीचे केस मग खांद्याखाली कधी वाढले नाहीत. वाढायला लागले की तीच कापायची आणि दोन्ही काठांच्या गरवणाऱ्यांना वाटायची. पोखरणवाल्यांकडून मात्र उतार घेऊन.

आजही नारळी पौर्णिमेला खारवेळची एक बाई आधी होडीतून जाते. काळा, लाल, पिवळा, पांढरा असे चार दोरे पाण्यात सोडते आणि जो शेवटपर्यंत दिसतो त्या रंगाचं आमिष बांधतात. काळा दिसला, तर मानकरी टोपी काढून एखाद्या बाईसमोर उभा राहतो आणि गावादेखत विचारतो, “गोमतीच्या नावान बट देशीत? तुझी मर्जी आसा?”

बाई हो म्हणाली तर सुरी तिच्याच हातात देतात. नाही म्हणाली, तर तो टोपी डोक्यावर ठेवतो, हात जोडतो आणि पुढच्या दाराशी जातो. भरती कितीही चढलेली असो, दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.