किडा चढतो कुठून

“पण बुवा, हा किडा इथं येतोच कुठून?”

कॉम्प्युटरमधला किडा काढायला श्रीरंग चौथ्यांदा मठात आला होता आणि चौथ्यांदा हेच विचारत होता.

रेवणबुवांचा मठ इतका उंचावर, की कावळेसुद्धा वाटेत बसून दम खातात. मठात बुवा, पोथ्यांचे फोटो साठवलेला कॉम्प्युटर, आणि वारा. बस.

कॉम्प्युटर श्रीरंगनंच दिलेला. दुरुस्तीच्या कामात पुण्यात आपल्याला तोड नाही, असं तो स्वतःच सांगे.

“माझ्यानंतर कुणी आलं होतं?”

“कोण येतंय?”

“इंटरनेट?”

“तुला फोन करायला पायथ्याला उतरावं लागतं रे मला.”

श्रीरंग कामाला लागला. किड्यानं खऱ्या पोथ्या लपवून त्याच नावांच्या खोट्या मांडल्या होत्या. खोटी उघडायला जावं, की हा जागा. श्रीरंगनं आधी चालता किडा थांबवला. मग कॉम्प्युटरबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीतून त्याचं नाव काढलं, त्याची पिल्लं पुसली, पोथ्या उघड्या केल्या. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

स्वच्छ!

“नवी जात आहे, बुवा. अँटीव्हायरसला ओळखू येत नाही. हातानंच वेचावी लागते. माझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही.”

“खरंय.”

“आता नेहमीसारखी पोथ्यांची नक्कल घेतो आणि निघतो. पाचची एसटी आहे.”

त्यानं गळ्यातला पेन ड्राइव्ह पुढं केला.

बुवांनी कॉम्प्युटरच्या खाचेवर तळहात ठेवला.

श्रीरंग हसला. “अहो, हा माझा आहे.”

बुवांनी हात काढला नाही...

श्रीरंगनं पिशवीतला लॅपटॉप काढला. तो वेगळ्या बनावटीचा, त्याला ही जात लागत नसे. पेन ड्राइव्ह लावला, लपलेलं सगळं दाखवायला लॅपटॉपला सांगितलं.

आत तोच किडा. तारीख पहिल्या खेपेच्याही आधीची.



“तुम्हाला कधी कळलं?”

“दुसऱ्या खेपेला.”

“आणि बोलला नाहीत? आठ महिने पोथ्या बंद! मी वेड्यासारखा हा डोंगर चढतोय!”

बुवा उठले. दुसरा पेला धुतलेलाच होता, तो पुन्हा धुतला.

“बोललो असतो, तर चढला असतास?”

श्रीरंगनं लॅपटॉप मिटला.

“मग... आज का अडवलंत?”

बुवांनी त्याच्यापुढं चहा ठेवला.

“सकाळपासून खिडकीत होतो. खालच्या वळणावर गुडघा धरून बसलास, ते दिसलं.”