ज्याला पगडी बसत नाही

“...पण यात माणूस कुठे दिसला तुम्हाला?”

शलाकाने मातीचा बोटभर राक्षस वामनमास्तरांच्या नाकासमोर धरला. सहा हात, शेपटी, शिंगं, सगळं होतं त्याला.

मास्तर दिवाळीतल्या किल्ल्यांवर ठेवायचे मावळे घडवत. मावळे वेगळे, त्यांच्या इवल्याशा पगड्या वेगळ्या. त्यांनी टोपलीतून एक पगडी उचलली आणि त्या शिंगांच्या मधोमध टेकवली.

“हा बघ. लग्नात मान मिळाला नाही म्हणून रुसलेला मामा.”

शलाकाला हसू फुटलं. त्यामुळे ती आणखीच चिडली.

रविवारी तिच्या घरी पटावरचा खेळ होता. मित्रमैत्रिणी वीर होऊन गुहेत शिरणार, आणि गुहेत काय दडलंय ते तिने ठरवायचं. मागच्या खेपेला तिने दुकानातून आणलेला राक्षस पटावर ठेवला, तर सगळे लोळून हसले होते. “अगं, हे तर आपले होस्टेलचे रेक्टर!”

दुकानातले सगळे तसलेच. दोन हात, दोन पाय, वर मुंडकं. या वेळी तिला त्यांचं हसू घशातच अडकलेलं बघायचं होतं. त्यासाठीच ती मास्तरांकडे मातीकाम शिकत होती.

भट्टी आज संध्याकाळी पेटणार होती. आणि मास्तरांचा नियम साधा होता. पगडी बसली म्हणजे त्यात माणूस आहे, मग राक्षस पुन्हा चिखलाच्या घमेल्यात.

तिने आठ सोंडांचा गोळा केला. पगडी बसली.

“पाहुणे आले. पाय पसरून बसलेत, चहाची वाट बघत.”

तिने अजगर केला. पगडी बसली.

“मान उंच करून... भाषण ठोकतोय.”

“तुमच्या पगडीतच खोट आहे!”

“असेल.”

“निदान पगडी न बसणारा राक्षस कसा असतो, ते तरी सांगा!”

मास्तरांनी घसा खाकरला. मग एका मावळ्याच्या मिशा कोरायला घेतल्या...

उत्तर द्यायचं नसलं की या म्हाताऱ्यांचे घसे बरे खवखवतात, शलाका मनात म्हणाली. तिने टोपलीतली एक पगडीच उचलून घेतली.

नव्या गोळ्यावर टेकवली. बसली. जिथे बसली, तिथे तिने अंगठा खुपसला. गोळा फिरवला. पुन्हा टेकवली, पुन्हा खुपसला. आता ती काहीच घडवत नव्हती. पगडीला जागा मिळेल तिथली जागा काढून घेत होती, एवढंच. डोकं गेलं. समोरची बाजू गेली. मग पाठही गेली.

“घ्या!”

मास्तरांनी पगडी वर ठेवली. घसरली. गोळा उलटा करून ठेवली. घसरली. कडेला टेकवली... ती गडगडत एका भोकात गेली.

त्यांनी गोळा हलवला. पालथा करून झटकला.

पगडी बाहेर आली नाही.

“खाल्ली!” शलाका जागच्या जागी उडाली. “मास्तर, त्याने तुमची पगडी खाल्ली!”

मास्तरांचा हात नकळत स्वतःच्या टकलावरून फिरला. मग त्यांनी तो गोळा दोन्ही हातांनी उचलला आणि भट्टीत नेऊन ठेवला. मावळ्यांपासून जरा लांब.

“म्हणजे जमलं ना? आता तरी यात माणूस नाही ना?”

मास्तरांनी भट्टीच्या तोंडाशी वाकून आत बघितलं.

“मला कशाला विचारतेस? त्यालाच विचार, त्याला आपल्यात कोण दिसतं.”