सोजरबाईची सक्तमजुरी

फौजदारांच्या वाटेत कोथिंबिरीची पाटी मांडली, एवढ्यावरून सोजरबाई कोर्टात उभी होती. तिने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशांनी शिक्षा सांगून टाकली, "साधी कैद, कोर्ट उठेपर्यंत. त्या बाकावर बसून राहा."

सरकारी वकील हर्डीकर ताडकन उठले. फौजदार त्यांचे साडू! या बाईला सक्तमजुरीच हवी, असं म्हणून त्यांनी कोट सारखा केला आणि इंग्रजीचा नळ सोडला. "हेनस! प्रीमेडिटेटेड! कल्पेबल!" टेबलावर मुद्देमाल म्हणून ठेवलेल्या कोथिंबिरीने मान टाकली, पट्टेवाल्याने डोळे मिटले, तरी वकीलसाहेब आपले 'रेसिडिव्हिस्ट', म्हणजे सराईत गुन्हेगार, यावरच.

चहाची वेळ टळली, तेव्हा न्यायाधीशांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "बाई, वकीलसाहेब सक्तमजुरी मागताहेत. तुमचं काही म्हणणं?"

सोजरबाई कान चोळत उठली. "माझं कसलं म्हणणं, साहेब? तुम्ही दिली साधी कैद. पण सकाळधरनं ह्यांचं ऐकतेय, ती सक्तमजुरी भोगून झाली की माझी!"

न्यायाधीशांनी हसू दाबलं, खुर्ची मागे सारली आणि ते उभे राहिले.

"कोर्ट उठलं. बाई, तुम्ही सुटलात. आणि आम्हीही."