लेबलांची अदलाबदल

एका गावात औषधं बनवणारा एक लहानसा कारखाना होता. खोकल्याचा काढा आणि सांधेदुखीचं तेल तिथे सारख्याच तपकिरी बाटल्यांत भरलं जाई. प्रत्येक टेबलावर लेबल छापायला एक प्रिंटर होता.

मालक अनंतशेठ प्रत्येक प्रिंटरसाठी वेगळा संगणक घेणार होते. यंत्रांचं काम बघणारा हेरंब म्हणाला, "कशाला शेठ? तळहातावर मावेल असा एक लिनक्सचा संगणक बसवतो. सगळे प्रिंटर यूएसबीने त्यालाच जोडतो."

तसं त्याने केलंही. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला ती डबी दाखवत आणि हेरंबची पाठ थोपटत.

एकदा वीज जाऊन परत आली. थोड्या वेळाने पॅकिंगवरच्या यमुनाबाई धावत आल्या. "हेरंबदादा, तेलाच्या टेबलावर काढ्याची लेबलं निघतायत!"

हेरंबला दोष लगेच कळला. वीज आल्यावर जो प्रिंटर आधी जागा होई, त्यालाच तो संगणक पहिला, म्हणजे काढ्याचा, समजे. प्रत्येक प्रिंटरची कायमची ओळख संगणकाला द्यायला हवी होती. त्यासाठी दिवसभर काम बंद ठेवावं लागलं असतं आणि शेठना कारण सांगावं लागलं असतं. हेरंबने नुसत्या वायरी बदलल्या.

"शेठना सांगू नका," तो म्हणाला. "मी बघतो."

पण झालेलं कौतुक त्याला सोडवेना. आज करू, उद्या करू, असं म्हणत ते काम राहूनच गेलं.

पुढे यमुनाबाईंचा नवरा खोकल्याने आजारी पडला. त्या घरीच होत्या, तेव्हा कारखान्यात पुन्हा वीज गेली आणि आली. टेबलावरच्या बायका घाईत होत्या. जे लेबल निघालं, ते त्यांनी चिकटवलं.

संध्याकाळी शेठ आपुलकीने यमुनाबाईंकडे गेले. "ताजा काढा आणलाय. धन्यांना द्या."

यमुनाबाईंनी तो भांड्यात ओतून नवऱ्याला पाजला. त्याने तोंड वाकडं केलं, पण औषध म्हणून गिळलं. ते सांधेदुखीचं तेल होतं, पोटात गेलं तर विषारी. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचा जीव गेला.

शेठ संतापले. "टेबलावरच्या सगळ्या बायकांना काढून टाका!"

हेरंबला ते ऐकवेना. "त्यांचा दोष नाही, शेठ. माझा आहे," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. दुकानांत गेलेल्या बाटल्या परत मागवल्या. सगळ्या काही मिळाल्या नाहीत.

मग तो यमुनाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वीज गेली की पुन्हा असं होणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

यमुनाबाई उठून आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तात्पर्य: आपल्या कामातली खोट कळली की लगेच सांगावी. स्वतःचा मान राखायला झाकलेली खोट दुसऱ्याच्या जिवावर बेतते, आणि मग कबुली देऊनही गेलेला जीव परत येत नाही.