कैरीचा चीक आणि कुंभाराचे हात

सांगा पाहू मंडळी, विश्वास कोणावर ठेवावा? जो कधीच चुकत नाही त्याच्यावर, की जो "इथे माझं चुकलं" असं म्हणतो त्याच्यावर? उत्तराची घाई नको. आधी गोष्ट ऐका. ऐकताना कपाळावर हात मारावासा वाटला तर खुशाल मारा. ही गोष्ट सांगताना माझा हात दर वेळी आपोआप तिकडे जातो.

फार जुना काळ तो. तेव्हा जनावरंसुद्धा माणसांशी चार शब्द बोलत, आणि माणसं ऐकत नसत, हे मात्र आजच्यासारखंच. नदीकाठच्या एका नगरात एक कुंभार आपल्या बायकोसोबत राहत होता. त्या नगराची एक रीत होती. अक्षय्य तृतीयेला प्रत्येक घरातून नवं कोरं मडकं गार पाण्याने भरून वाटसरूला दान द्यायचं. राजवाडा असो की झोपडी, मडकं याच कुंभाराच्या घरचं. हा मान त्याच्याकडे आज्या-पणज्यापासून चालत आलेला. रीत अशी कडक की एक वर्ष जरी मडकी चुकली, तरी मान दुसऱ्या गावच्या कुंभाराकडे जायचा.

कुंभाराचा हात सोन्यासारखा, पण जीभ चटोर. भजी, वडे, तिखटजाळ रस्सा! रोज जेवण झालं की छातीत जळजळ, आणि जळजळ झाली की बायकोवर चिडचिड.

अशात नदीकाठच्या आमराईत एक साधू येऊन राहिला. मोठा गोड माणूस. कोणाकडून काही घेत नसे, कोणाला वाईट बोलत नसे. तो सांगे, "विस्तवाने अन्न मरतं. मेलेलं खाल तर आतून मराल. जसं झाडावर, तसं पोटात. देठापासून सालीपर्यंत काही टाकू नका."

कुंभाराला पटलं. घरी येऊन त्याने जाहीर केलं, "आजपासून माझ्यासाठी चूल नाही."

बायको म्हणाली, "आणि तुमच्या मडक्यांसाठी?"

"ते वेगळं."

आता खरं ते सांगतो, पहिले काही दिवस कुंभाराला बरं वाटलं. काकडी, केळी, भिजवलेले मूग, ओल्या शेंगा. जळजळ गेली, अंग हलकं झालं. एवढ्यावर थांबला असता तर गोष्ट इथेच संपली असती आणि मीही सुखाने घरी गेलो असतो. पण आमराईत कैऱ्या लगडल्या होत्या. कुंभार झाडाखाली उभा राही, कैरी तोडी आणि देठासकट कचकन दात मारी. चीक हनुवटीवरून ओघळे, तो हाताने पुशी, आणि हात मानेला.

बायको म्हणाली, "अहो, चीक तरी जाऊ द्या! आम्ही लोणच्याच्या कैऱ्यासुद्धा आधी पाण्यात घालतो."

"अगं, चीक म्हणजे झाडाचं दूध. तुला नाही कळायचं."

काही दिवसांत त्याच्या ओठांच्या कडेला पुरळ उठलं. मग मानेवर चट्टे आले. मग बोटांच्या बेचक्यांत पाणी भरलेले फोड. कुंभार खाजवत खाजवत साधूकडे गेला.

साधू म्हणाला, "छान! आतलं विष बाहेर पडतंय."

चट्टे पाठीवर पसरले. साधू म्हणाला, "विष बरंच होतं म्हणायचं."

मध्ये दोन दिवस खाज कमी झाली. साधू म्हणाला, "पाहिलंस? विष संपत आलं."

तिसऱ्या दिवशी ती दुपटीने आली. साधू म्हणाला, "हे खोलवरचं, लहानपणापासूनचं."

आमच्या पेठेत पूर्वी एक गूळवाला होता. ढेपेला मुंग्या लागल्या की म्हणायचा, "बघा, गूळ किती गोड!" मुंग्या नसल्या की म्हणायचा, "बघा, गूळ किती स्वच्छ!" मी त्याला एकदा म्हटलं, "बाबा रे, मुंग्यांनी नेमकं काय केलं म्हणजे तुझा गूळ वाईट ठरेल?" तेव्हापासून त्याने मला रामराम घालणं सोडलं. फरक एवढाच, की गूळवाला लबाड होता आणि साधू मनापासून बोलत होता. लबाड माणूस आज ना उद्या पकडला जातो. मनापासून चुकणाऱ्याला पकडायचं कुठे?

इकडे चैत्र सरत आला. अंगणात मातीचा ढीग तसाच पडून. कुंभाराने चाकावर हात ठेवला की ओल्या मातीने फोड झोंबत, बोटं चिरत, मडक्याच्या गळ्याशी येऊन हात आपोआप मागे येई आणि मडकं वाकडं होई.

माती वाहणारं गाढव दारात उभं राहून हे बघत होतं. कुंभार त्याला म्हणाला, "तू सुखी बाबा. जन्मभर कच्चं खातोस, अंगावर एक चट्टा नाही."

गाढव म्हणालं, "मालक, मी कच्चं खातो कारण मला चूल पेटवता येत नाही. आली असती, तर वहिनींच्या हातची भाकरी मी सोडली असती होय? आणि दुसरं, मला जे सोसत नाही त्याला मी तोंड लावत नाही. म्हणून तर मला गाढव म्हणतात."

कुंभाराने त्याला हाकललं. खऱ्या बोलण्याला आपल्याकडे हीच बिदागी!

शेवटी बायकोचा धीर सुटला. नवऱ्याला दंडाला धरून ती आमराईत गेली. "महाराज," ती म्हणाली, "यांच्या हातांकडे बघा. तृतीया तोंडावर आलीय. मडकी झाली नाहीत तर घराण्याचा मान जाईल."

साधू शांतपणे म्हणाला, "माई, विस्तवाजवळ बसूनच हे विष साठलंय. भट्टीही सोडून द्या. मडकी उन्हात वाळवा, ऊन पुरेसं आहे."

हे ऐकून कुंभार इतक्या दिवसांत पहिल्यांदा खो खो हसला. "महाराज, कच्च्या मडक्यात पाणी ओतलं की चिखल होतो. हे मला कोणी शिकवायला नको, माझ्या हातांना ठाऊक आहे!"

बायकोने नेमकं तेच वाक्य पकडलं. "वा! मडक्याची गोष्ट आली की हातांचं ऐकता. मग हेच हात इतके दिवस बोंबलताहेत, ते ऐकू येत नाही? भट्टीतून तडकलेलं मडकं निघालं तर 'मातीतलं विष गेलं' म्हणून नाचता का? का लाकूड बघता, माती बघता, जाळ बघता?"

कुंभाराचं हसू मावळलं. "बघतो," तो पुटपुटला. "एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो."

बायको साधूकडे वळली. "आणि महाराज, रागावू नका, पण एवढं सांगा. पुरळ वाढलं तरी तुमचं बरोबर, कमी झालं तरी तुमचंच बरोबर. काय झालं म्हणजे तुम्ही म्हणाल, की इथे माझं चुकलं?"

साधू म्हणाला, "असं मला आजवर कोणी विचारलं नाही."

"यांच्यासारखे पुरळ घेऊन तुमच्याकडे आणखीही लोक आले असतीलच ना? त्यांचं काय झालं?"

"ते पुन्हा आले नाहीत, माई. बरे झाले असतील."

"किंवा वैतागले असतील!"

घरी येऊन बायकोने नवऱ्याला आधी वैद्याकडे नेलं. वैद्याने फोडांना लेप दिला आणि बजावलं, "ओठ किंवा गळा सुजला, श्वास अडकला, तर लेपाची वाट बघू नका, उठून माझ्याकडे या." मग बायकोने ताटातलं सगळं काढून टाकलं. मऊ भाताची पेज, वर तुपाची धार, बस्स. कुंभार कुरकुरला, पण खाज उतरली. अंग निवळल्यावर तिने काकडी वाढली. काही झालं नाही. मग भिजवलेले मूग. काही झालं नाही. मग शेंगा. तरी काही नाही.

"म्हणजे कच्च्यात दोष नव्हता?" कुंभार चकित झाला.

"काकडीत नव्हता, मुगात नव्हता. आता राहिलं काय?"

कुंभाराने कैरीच्या चिकाचा एक थेंब मनगटाला लावला. दुसऱ्या दिवशी तिथे लालभडक चट्टा.

"हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

बायकोने फक्त त्याच्याकडे बघितलं. ते बघणं कसलं होतं, हे प्रत्येक नवऱ्याला माहीत आहे.

पण कातडी आपल्या वेळेने भरते, सणाच्या वेळेने नाही. तृतीया आली तेव्हा कुंभाराची बोटं अजून कोवळी होती आणि अंगणात एकही मडकं नव्हतं. पलीकडच्या गावचा कुंभार गाड्या भरून आला. त्या दिवशी नगराने परक्या मडक्यांतून पाणी वाटलं. आज्या-पणज्यापासूनचा मान गेला, तो परत आला नाही. पावसाळ्यानंतर कुंभाराचे हात पहिल्यासारखे झाले. तो पुन्हा मडकी करू लागला, पण बाजारात बसून विकणाऱ्या इतर कुंभारांसारखाच एक होऊन. जेवणात भाकरी आली, कोशिंबीरही राहिली. भजी मात्र सणासुदीलाच.

आणि साधू? तो आमराई सोडून निघाला, ते परत न आलेल्या लोकांची घरं शोधत. कोणी बरं झालेलं भेटलं, कोणी अजून खाजवताना भेटलं. त्यानंतर तो उपदेश करी तेव्हा दोन्ही प्रकारच्या लोकांबद्दल सांगे. त्याच्याभोवतीची गर्दी कमी झाली. पण जे उरले, त्यांचं भलं झालं.

बोध एवढाच: जो उपाय कधीच चुकत नाही असं सांगतात, त्यापेक्षा आपल्या अंगावर उठलेल्या पुरळाचं आधी ऐकावं.

आणि मंडळी, हात जोडून एक विनंती. जेवणाचा असो, औषधाचा असो की उपदेशाचा, हिशेब प्रामाणिकपणे ठेवा. जमेच्या बाजूला लिहाल, तेवढ्याच ठळक अक्षरात खर्चाच्या बाजूलाही लिहा.